ड्रायव्हरवरचा पुसलेला आकडा

मुंबई-पुण्याच्या घरांत 'लॉफ्ट' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो न्हाणीघरावरचा माळा आणि त्यावर वर्षानुवर्षे धूळ खात पडलेले सामान. अशाच एखाद्या माळ्यावरून कधीतरी गोल्फची जुनी बॅग खाली उतरते. परदेशातून परतताना काकांनी आणलेली, किंवा निवृत्तीनंतर वडिलांनी कोपऱ्यात ठेवलेली. बॅगेतील लोखंडी क्लबांवर आकडे स्पष्ट कोरलेले असतात. मात्र सर्वांत मोठ्या डोक्याच्या क्लबवर, म्हणजे ड्रायव्हरवर, जेथे '९' किंवा '१०.५' असा आकडा असायला हवा, तेथे नुसते ओरखडे दिसतात. जुन्या बाजारातून किंवा सेकंडहँड विकत घेतलेल्या ड्रायव्हरचीही हीच गत असते. विकणारा खात्रीने म्हणतो, 'साडेदहाच आहे.' पण ते सिद्ध करणारे काहीही त्याच्याजवळ नसते.

हा हरवलेला आकडा म्हणजे गोल्फमधला लॉफ्ट. क्लब जमिनीवर नेमून दिलेल्या स्थितीत धरला असता, चेंडूवर आदळणारा पृष्ठभाग, म्हणजे फेस, उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो, त्या कोनाला लॉफ्ट म्हणतात. ड्रायव्हरमध्ये हा कोन साधारणपणे ८ ते १३ अंशांच्या दरम्यान असतो. त्याच्या खालोखाल लांब फटका देणाऱ्या तीन नंबरच्या वुडमध्ये तो १५ अंशांच्या आसपास, सात नंबरच्या आयर्नमध्ये ३० अंशांच्या घरात आणि वाळूतून चेंडू काढणाऱ्या सँड वेजमध्ये ५५ अंशांच्या जवळपास असतो. सात आणि आठ नंबरच्या आयर्नमधला फरक नजरेने जाणवतो. ड्रायव्हरमधला ९ आणि १०.५ अंशांचा फरक मात्र सराईत डोळ्यालाही सहजी कळत नाही.

आकड्याने काय बिघडते?

दीड-दोन अंशांनी असे काय बिघडणार, असा प्रश्न कोणालाही पडेल. ड्रायव्हरचा फटका हा बॅगेतील सर्वांत वेगवान फटका. चेंडू टीवर ठेवलेला असतो आणि तो कोणत्या कोनात हवेत झेपावतो, यावर त्याचे अंतर मोठ्या प्रमाणात ठरते. आघाताच्या क्षणी फेस जितका मागे कललेला असेल, त्याच्या सुमारे ८५ टक्के वाटा चेंडूच्या उड्डाणकोनात उतरतो, उरलेला वाटा क्लब वर जात होता की खाली येत होता यावर अवलंबून असतो. म्हणजे लॉफ्टमधला जवळजवळ प्रत्येक अंश उड्डाणात दिसतो.

ज्याच्या हातात वेग आहे, त्याला कमी लॉफ्ट चालतो. ज्याचा वेग मंद आहे, त्याचा चेंडू कमी लॉफ्टच्या ड्रायव्हरने पुरेसा वर चढतच नाही आणि लवकर जमिनीवर येतो. रडारने घेतलेल्या मोजमापांची प्रसिद्ध झालेली सरासरी या दृष्टीने बोलकी आहे. अमेरिकेतील पुरुष व्यावसायिकांचा क्लबचा वेग ताशी ११३ मैलांच्या आसपास आणि चेंडूचा उड्डाणकोन सुमारे ११ अंश, तर महिला व्यावसायिकांचा वेग ताशी ९४ मैलांच्या आसपास आणि उड्डाणकोन सुमारे १३ अंश. वेग कमी झाला, तसा चेंडू अधिक वरच्या कोनात पाठवावा लागला. हौशी खेळाडूंपैकी बहुतेकांचा वेग या महिला व्यावसायिकांइतकाच किंवा त्याहूनही कमी असतो. तरीही 'कमी आकडा म्हणजे कसलेला खेळाडू' या समजुतीपायी अनेकांच्या बॅगेत ९ अंशांचा ड्रायव्हर असतो.

आपल्याकडे यात पावसाळ्याची भर पडते. कोरड्या दिवसांत कडक जमिनीवर चेंडू पडल्यानंतरही बराच घरंगळतो, त्यामुळे खालून गेलेला फटकाही अंतर कमावतो. पावसाळ्यात तोच चेंडू ओल्या गवतात पडतो तेथेच थांबतो. मग हवेत कापलेले अंतर तेवढेच पदरात पडते आणि कमी लॉफ्टचा ड्रायव्हर मंद वेगाच्या खेळाडूला अधिकच महागात पडतो.

खरे नुकसान होते ते नवशिक्याचे. आकडा नसलेला ड्रायव्हर प्रत्यक्षात साडेआठ अंशांचा असेल आणि नवशिका त्याला साडेदहाचा समजत असेल, तर चेंडू वर चढत नाही याचा दोष तो स्वतःच्या हातांना देतो. चेंडू उचलण्याच्या धडपडीत उजवा खांदा खाली पाडतो, वजन मागच्या पायावर ठेवतो आणि एका अवजाराच्या चुकीपायी फटक्याची चुकीची सवय अंगी लावून घेतो. ती सवय मोडायला पुढे कितीतरी महिने जातात.

आकडा नाहीसा का होतो?

पूर्वी ड्रायव्हरचे डोके लाकडाचे असे. त्यासाठी वापरले जाणारे पर्सिमन हे आपल्या टेंभुर्णीच्या नात्यातले झाड. अशा अनेक जुन्या क्लबांवर फक्त '१' हा क्रमांक असे, लॉफ्ट लिहिलेला नसे. १९७९ मध्ये टेलरमेड कंपनीने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला. १९९१ मध्ये कॅलावेचा 'बिग बर्था' आणि १९९५ मध्ये त्याच कंपनीचा टायटॅनियमचा 'ग्रेट बिग बर्था' आला. डोकी मोठी होत गेली आणि अखेर २००४ पासून ४६० घन सेंटिमीटर ही कमाल मर्यादा नियमाने ठरली. या काळात लॉफ्टचा आकडा क्लबवर लिहिण्याचा प्रघात रुळला. पण पुष्कळदा तो तळावर केवळ रंगाने भरलेला असतो. सरावाच्या चटयांवर घासून, वाळूने किंवा पुन्हा रंग देताना तो निघून जातो. काही क्लबांवर आकड्याऐवजी चेंडू उंच जाईल असे सुचवणारी 'एचटी' किंवा 'एचएल' ही अक्षरेच असतात.

म्हणून मोजणीला हात घालण्यापूर्वी क्लब स्वच्छ पुसून उजेडात तिरपा धरून पाहावा. रंग गेला तरी कोरीव रेषेची खोलगट खूण पुष्कळदा शिल्लक असते. तळ, टाच, टोक आणि शाफ्ट जेथे डोक्यात शिरतो ती मान, अशा सर्व जागा पाहाव्यात. मानेवर अनुक्रमांक असेल तर तो टिपून कंपनीच्या ग्राहकसेवेला विचारता येते. त्यावरून क्लब अस्सल आहे की नक्कल, हेही अनेकदा उलगडते. मानेशी फिरवता येणारी खाच असेल, तर तो समायोज्य ड्रायव्हर होय. अशी रचना २००९ पासून सर्रास दिसू लागली. त्यात शाफ्ट काढून वेगळ्या खुणेवर बसवला की लॉफ्ट एखाद-दीड अंशाने बदलतो. साहजिकच अशा ड्रायव्हरची मोजणी करण्याआधी तो मूळ खुणेवर आणणे आवश्यक ठरते.

फेस सपाट नसतो

लॉफ्ट मोजणे वरवर सोपे वाटते. फेसला कोनमापक लावला की झाले! प्रत्यक्षात अडचण अशी की ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो. तो डावीकडून उजवीकडे फुगीर असतो आणि वरून खालीही फुगीर असतो. हा उभा फुगवटा ज्या वर्तुळाचा भाग मानता येईल, त्याची त्रिज्या साधारण १२ इंच धरली, तर फेसच्या मध्यापासून अर्धा इंच वर गेल्यावर लॉफ्ट सुमारे २.४ अंशांनी वाढतो आणि अर्धा इंच खाली आल्यावर तेवढाच घटतो. म्हणजे मध्यावर १०.५ अंश असलेला एकच ड्रायव्हर वरच्या बाजूला जवळपास १३ अंशांचा, तर खालच्या बाजूला ८ अंशांचा असतो. क्लबवर छापलेला आकडा मध्यबिंदूचा असतो. सरळ पट्टी फुगीर फेसवर ठेवली, तर ती कोठेतरी एकाच जागी टेकून डुलत राहते आणि भलताच कोन दाखवते.

येथे शाळेतली भूमिती मदतीला येते. वर्तुळाच्या कंसाची जीवा ही त्या कंसाच्या मध्यातून काढलेल्या स्पर्शिकेला समांतर असते. फेसच्या मध्यापासून सारख्या अंतरावर वर आणि खाली असे दोन टेकू दिले आणि त्यांवर पट्टी ठेवली, तर ती पट्टी नेमका मध्यबिंदूचाच लॉफ्ट दाखवते. क्लब दुरुस्त करणाऱ्यांच्या मोजपट्ट्या याच तत्त्वावर चालतात. घरी हे काम आगपेटीतल्या दोन काड्या करू शकतात.

घरच्या घरी मोजणी

प्रथम फेसची उंची व रुंदी मोजून मध्यबिंदूवर पेन्सिलने खूण करावी. त्या खुणेच्या १५ मिलिमीटर वर आणि १५ मिलिमीटर खाली अशा दोन आडव्या काड्या चिकटपट्टीने पक्क्या कराव्यात. या अंतरात फेसचा फुगवटा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतो, त्यामुळे काड्यांवर ठेवलेली पट्टी मध्ये टेकत नाही. पट्टी पोलादी असल्यास बरी. सुतारकामातले लोहचुंबकी कोनमापक तिला चिकटते, टायटॅनियमच्या फेसला ते चिकटत नाही.

त्यानंतर क्लब योग्य स्थितीत धरणे हा सर्वांत नाजूक भाग. पाणसळ लावून सपाट असल्याची खात्री केलेल्या टेबलावर क्लबचे डोके ठेवावे. फेसवरील आडव्या रेषा टेबलाला समांतर येतील इतपत शाफ्ट खेळाडूच्या बाजूला कलता ठेवावा. शेजारी ओळंबा टांगावा आणि क्लबच्या टोकाच्या बाजूने पाहिले असता शाफ्ट ओळंब्याच्या दोरीशी समांतर दिसतो की नाही, हे तपासावे. शाफ्ट पुढे झुकला तर लॉफ्ट कमी भरतो आणि मागे झुकला तर जास्त. शाफ्ट शिकंज्यात पकडायचा असेल तर त्याभोवती कापड गुंडाळून हलकेच आवळावे. ग्राफाइटचा शाफ्ट जोराने आवळल्यास चिरडतो.

डोके तळावर नुसते सोडून देऊ नये. ड्रायव्हरचा तळ गोलाकार असल्याने ते कलंडून फेस आपोआप थोडा उघडा किंवा बंद होतो. फेस लक्ष्याच्या दिशेला काटकोनात आहे याची खात्री करूनच मोजणी करावी. याचा लॉफ्टशी थेट संबंध आहे. मुळात थोडा बंद, म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूच्या डावीकडे वळलेला फेस हाताने फिरवून सरळ केला की लॉफ्ट वाढतो. मुळात उघडा फेस सरळ करताना तो घटतो. एकच आकडा छापलेले दोन ड्रायव्हर हातात वेगळे वागतात, त्याचे एक कारण हेही आहे.

आता काड्यांवर टेकवलेल्या पट्टीचा ओळंब्याशी होणारा कोन मोजायचा. मोबाइल फोनमधले कोन दाखवणारे साधन त्यासाठी पुरते, पण त्याच्या शून्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. फोनची लांब कड आधी ओळंब्याशी जुळवून घेतलेल्या एखाद्या उभ्या कडेला लावून आकडा टिपावा, मग ती पट्टीला लावून दुसरा आकडा टिपावा. दोहोंतील फरक हाच लॉफ्ट. कोनमापक नसेल तर पट्टीवर १०० मिलिमीटर उभ्या उंचीत तिचे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा किती मागे जाते, ते मोजावे. ९ अंशांना हे अंतर १५.८ मिलिमीटर, १०.५ अंशांना १८.५ मिलिमीटर आणि १२ अंशांना २१.३ मिलिमीटर येते. एका अंशाला जेमतेम पावणेदोन मिलिमीटर! घाईघाईत घेतलेले मोजमाप का फसते, हे यावरून ध्यानात येईल.

काड्यांच्या जाडीचीही काळजी घ्यावी लागते. ३० मिलिमीटर अंतरावरील दोन काड्यांच्या जाडीत पाव मिलिमीटरचा फरक असला तरी मोजणीत जवळजवळ अर्ध्या अंशाची चूक शिरते. त्यावर सोपा उपाय आहे. एकदा मोजल्यावर वरची काडी खाली आणि खालची वर लावून पुन्हा मोजावे व दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यावी. एका वेळी वाढलेली चूक दुसऱ्या वेळी तेवढीच घटते. अशी तीन-चार मोजमापे अर्ध्या अंशाच्या आत एकमेकांशी जुळली, तर ती भरवशाची मानायला हरकत नाही.

ओळखीच्या क्लबाशी तुलना

याहून खात्रीचा मार्ग तुलनेचा. लॉफ्ट ठाऊक असलेला मित्राचा ड्रायव्हर त्याच टेबलावर, त्याच ओळंब्याशेजारी, त्याच काड्या वापरून मोजावा. टेबल किंचित उतरते असेल किंवा फोन चुकीचा शून्य दाखवत असेल, तर ती चूक दोन्ही क्लबांना सारखीच लागू होते आणि वजाबाकीत नाहीशी होते. समजा, १०.५ छापलेला ड्रायव्हर ११.२ अंश भरला आणि निनावी ड्रायव्हर ९.८ भरला. दोहोंत १.४ अंशांचा फरक आहे. म्हणजे छापील मापात निनावी ड्रायव्हर ९ अंशांच्या जवळचा.

अर्थात छापलेला आकडाही ब्रह्मवाक्य नव्हे. कारखान्यात तयार होणाऱ्या डोक्यांत थोडाफार फरक गृहीतच धरलेला असतो आणि छापील व प्रत्यक्ष लॉफ्टमध्ये एखाद्या अंशाची तफावत आढळणे नवलाचे नाही. कमी आकड्याला खेळाडूंमध्ये मान असल्याने प्रत्यक्षात थोडा अधिक लॉफ्ट असलेल्या डोक्यांवर कमी आकडा छापला जातो, असे जाणकार नेहमी सांगत आले आहेत. त्यामुळे ज्या ड्रायव्हरने आपण नीट खेळतो त्याच्यापेक्षा हा किती वेगळा आहे, हे ठाऊक होणे खेळाडूच्या दृष्टीने छापील आकड्यापेक्षाही उपयोगाचे ठरते.

फटका मारून कळेल का?

'मैदानावर जाऊन दहा चेंडू मारा, लगेच कळेल,' असा सल्लाही हमखास मिळतो. तो अपुरा आहे. फटक्याची मोजणी करणारी रडारवरची यंत्रे आघाताच्या क्षणी फेस किती कललेला होता ते दाखवतात. त्या क्षणी शाफ्ट वाकलेला असतो, हात पुढे किंवा मागे असतात आणि क्लब वर किंवा खाली चाललेला असतो. त्यामुळे टेबलावर १० अंशांचा असलेला ड्रायव्हर एकाच्या हातात १३ अंशांसारखा, तर दुसऱ्याच्या हातात ८ अंशांसारखा वागू शकतो. शिवाय चेंडू फेसच्या वरच्या भागावर लागला तर तो उंच जातो आणि त्याची उलटी फिरकी कमी होते. खालच्या भागावर लागला तर तो खालून जातो आणि फिरकी वाढते. म्हणून एकट्या निनावी ड्रायव्हरचे दहा फटके पाहून त्याचा लॉफ्ट सांगता येत नाही. त्याच खेळाडूने ओळखीचा आणि निनावी असे दोन्ही ड्रायव्हर आलटून-पालटून मारले आणि फेसवर पावडर लावून आघाताची जागा पाहिली, तर मात्र टेबलावरच्या निष्कर्षाची पडताळणी होते. दोन्ही शाफ्ट सारखे असतील तर उत्तम.

स्पर्धेत उतरण्यापूर्वी

मित्रांसोबत रविवारी सकाळी खेळताना लॉफ्ट माहीत नसला तरी कोणी हटकणार नाही. स्पर्धेची गोष्ट निराळी. नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्था मान्यताप्राप्त ड्रायव्हर-डोक्यांची सूची प्रसिद्ध करतात. तिच्यातील नोंद मॉडेल आणि लॉफ्ट या दोन्ही गोष्टींनी ओळखली जाते. आयोजकांनी तसा स्थानिक नियम लागू केला असेल, तर सूचीत नसलेल्या डोक्याच्या ड्रायव्हरने फटका मारणारा खेळाडू स्पर्धेतून बाद होतो. तो ड्रायव्हर बॅगेत नुसता बाळगण्याला दंड नाही. १९९९ पूर्वी बनवलेल्या डोक्यांना या नियमातून सूट आहे. म्हणजे माळ्यावरून उतरलेला वडिलांचा जुना ड्रायव्हर कदाचित निर्धोक असेल, पण बाजारातून स्वस्तात घेतलेला, नाव पुसलेला नवा ड्रायव्हर अडचणीत आणू शकतो. घरी केलेली मोजणी येथे कामी येत नाही. ती कोन सांगते, मॉडेल सांगत नाही. अशा क्लबविषयी स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच समितीला विचारून घेणे इष्ट.

मोजणी झाल्यावर काय करायचे, हा प्रश्न उरतो. आयर्नप्रमाणे मान वाकवून लॉफ्ट बदलण्याचा मार्ग आजच्या बहुतेक टायटॅनियम ड्रायव्हरना खुला नसतो, मान तुटण्याचा धोका असतो. समायोज्य नसलेला ड्रायव्हर जसा आहे तसाच स्वीकारावा लागतो किंवा दुसऱ्या कोणाला द्यावा लागतो. देताना शाफ्टला चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजलेला आकडा लिहून ठेवावा आणि हा आकडा घरी मोजलेला आहे, हेही सांगावे. तो घेणारा नवशिका असेल, तर चेंडू वर का चढत नाही याचे उत्तर तो निदान आपल्या खांद्यात शोधत बसणार नाही.